शेजारी शेजारी बसायची गाडी

उधना, सुरत
धुळवडीनंतरचा रविवार

तीर्थरूप आबांच्या पायांवर डोकं ठेवून आपला थोरला जावई बळीराम सुरतेहून लिहितो की,

आपलं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर आत्ता जातंय, त्याबद्दल आधी रागावून घ्यावं आणि मग पुढचं वाचावं. आपला गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल आपण चोळता की आई ते समईत घालतात, हे खरं खरं कळवावं. आईंचा खोकला उतरला का? तांबड्या गायीला पाडा झाला की पाडी? (हे मालती रोज विचारते, जणू काही मीच लपवून ठेवलंय.) इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे माझा डावा खांदा सोडून. त्याची हकीकत पुढे येणारच आहे, ती आईंना वाचून दाखवताना जरा हळूहळू वाचावी, कारण सुरुवातीला वाटतं तेवढं काही झालेलं नाही.

दुसरं असं की या पत्रात हिलालरावांचं नाव बऱ्याचदा येईल. ते माझे साडू, शोभाबाईंचे यजमान, आपले धाकटे जावई, आणि माणूस अगदी सोन्यासारखा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तिळाएवढंही काही नाही. इच्छापोरला त्यांची मजूर पुरवायची ठेकेदारी जोरात चालते याचा मला आनंदच होतो आणि सणासुदीला तो मी बोलूनही दाखवतो. मी लूमच्या खात्यातला मास्तर, दिवसभर मागांचा खडखडाट ऐकणारा. दुसऱ्याचा हेवा करायला जी शांतता लागते ती मला मिळतेच कुठे. एवढं एकदा लिहून टाकलं म्हणजे बाकीचं मोकळेपणानं लिहिता येईल.

मागच्या आखाजीला (शहरात अक्षय्य तृतीया म्हणतात) आम्ही दोघं नवराबायको एसटीनं फाट्यावर उतरलो आणि धामणदरची वाट चालू लागलो. ती वाट कशी आहे हे आपल्याला सांगायला नको. तिच्यावर बैलसुद्धा पाय टाकण्याआधी विचार करतो. नाल्यात मालतीच्या चपलेचा अंगठा तुटला. माझ्या काखेत तुपातल्या घारी मिठाईचा डबा होता (सुरतेहून सासुरवाडीला जायचं तर घारी न्यावीच लागते), तो उन्हानं पाझरला आणि सगळं तूप सदऱ्यावर उतरलं. आम्ही नाल्याच्या काठावर दम खात बसलो होतो, तेवढ्यात मागून घुरघुर करत ते वाहन आलं.

आपण ते पाहिलंय, त्यात बसलाही आहात, पण पत्र ऐकणाऱ्या बाकी मंडळींसाठी लिहितो. त्याला मोटार म्हणावं तर दारं नाहीत, काचा नाहीत, छप्पर नाही, वर नुसते वाकवलेले पाइप. ट्रॅक्टर म्हणावं तर चारही चाकं सारखी, बुटकी आणि फुगलेली. मागं चार पोती मावतील एवढा हौदा आणि पुढे दोन माणसांनी शेजारी शेजारी बसायच्या दोन गाद्या. रंग हिरवा. हजिऱ्याच्या बाजूला पाइपलाइनच्या कामावर परदेशी साहेब आले होते, ते असल्या गाडीत बसून चिखलातून, वाळूतून फिरायचे. काम संपलं, साहेब विमानानं गेले आणि गाडी भंगारात निघाली. ती हिलालरावांनी उचलली. तिला नंबर नाही, त्यामुळे ती सडकेवर चालवता येत नाही. ते तिला टेम्पोत घालून नेतात आणि जिथे रस्ता संपतो तिथे उतरवतात. आमच्या चाळीतली पोरं तिला बेडकी म्हणतात, कारण खड्डा आला की ती वळून जात नाही, उडी मारते.

बेडकी आमच्याजवळ थांबली. हिलालरावांनी आम्हाला बसण्याचा आग्रह केला, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण पुढच्या जागा दोनच, तिथे ते आणि शोभाबाई. राहिला हौदा. थोरल्या जावयानं सणाच्या दिवशी हौद्यात उकिडवं बसून सासऱ्याच्या दारात उतरावं का? मी म्हटलं, आम्ही चालत येतो, हवा छान आहे. माझं वाक्य पुरं होईस्तोवर मालती हौद्यात चढली होती. मग ते तिघं गेले आणि मी, डबा आणि मालतीची तुटकी चप्पल असे मागून आलो. मी पोचलो तेव्हा हिलालरावांचा दुसरा चहा चालला होता आणि आपण बेडकीच्या चाकाला हात लावून पाहत होता. मला पाहून आपण म्हणालात, "बळीराम, सदऱ्याला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला डोंगरावर देवीला नेलं. गुडघ्यामुळे आपण किती वर्षांत वर गेला नव्हता, त्यामुळे ते पुण्याचं काम झालं यात वाद नाही. पण एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही, ती आता लिहितो. त्या परदेशी गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यामुळे आपण उजवीकडे बसला होता आणि खालून सगळ्या गावाला वाटलं की निंबा आबाच गाडी चालवत डोंगर चढताहेत. हे आपल्याला कळलं होतं, आणि आपण ते कुणाला सांगितलं नाहीत. मी नारळाची पिशवी घेऊन मागून चढत होतो. वर गाडीतून उतरताना आपण म्हणालात, "जवाई पाहिजे ते असा." वारा माझ्याकडे होता, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. (आपण नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, हे मी मालतीला वर्षभर समजावतोय.)

सुरतेला परत आल्यावर मी हे विसरूनही गेलो असतो. पण दिवाळीनंतर एका रविवारी हिलालराव डुमसकडे बेडकी घेऊन गेले आणि आम्हालाही बोलावलं. तिकडे खाडीच्या कडेनं बांध आहेत, बाभळी आहेत, वाळू आहे. अशा गाडीला मोकळं रान. एका वेळी एकालाच नेता येत होतं. शोभाबाईंची फेरी झाली, मग मालतीची. मी बांधावर बसून दोघींच्या चपला राखल्या. मालती परत आली ती केसांत धूळ, डोळ्यांत पाणी आणि हसू थांबत नाहीये अशी. आबा, आपल्या लेकीला इतकं हसताना मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, आणि तेव्हाही कारण मी नव्हतो, आपल्याकडचा बोकड होता. संध्याकाळी जेवताना मी सहज विचारलं, काय एवढं होतं त्या गाडीत? ती म्हणाली, "शेजारी बसलं की बोलता येतं."

मी यावर खूप विचार केला. आमच्याकडे स्कूटर आहे. मालती मागं एका बाजूला पाय सोडून बसते आणि इतकी वर्षं माझ्या मानेशी बोलते. मी हूं म्हणतो. ऐकू येत नाही, पण हूं म्हणतो. एकदा तिनं पाकीट पडल्याचं सांगितलं तेव्हाही मी हूं म्हणालो आणि आम्ही थेट घरी आलो. तर त्या रात्री जेवून उठताना मी ठरवलं की आपणही शेजारी शेजारी बसायची, कच्च्या वाटेनं जाणारी, छोटी गाडी घ्यायची. याचा हिलालरावांशी काही संबंध नाही. फक्त ती बेडकीपेक्षा बरी असावी, एवढीच अट होती.

अशी गाडी दुकानात मिळत नाही. आमच्या खात्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारा भटू म्हणून कांडीवाला आहे. त्याच्याकडे सायकलही नाही, पण गाड्यांतलं त्याला सगळं कळतं असं तो सांगतो. "मास्तर, माले इचारा," असं म्हणून तो मला पहिल्यांदा सचिन गावाच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडे घेऊन गेला. तिथे फौजेतून निघालेली जुनी जीप होती. पुढच्या दोन जागा शेजारी शेजारी, चाकं दणकट, आणि बसल्यावर माणूस आपोआप छाती काढून बसतो. मी म्हटलं, धामणदरात ही शिरली तर गावाला वाटेल लढाई लागली. भंगारवाल्यानं सुरू करून दिली आणि एक चक्कर मारा म्हणाला. ब्रेक थोडा उशिरा लागतो, हे त्यानं मी निघाल्यावर सांगितलं. पलीकडच्या मोकळ्या जागेत प्रिंटिंगवाल्यांनी साड्यांचं कापड वाळत घातलेलं होतं. मी त्या रांगांतून एका टोकानं शिरलो आणि दुसऱ्या टोकानं बाहेर आलो तेव्हा जीप जांभळ्या बुट्ट्यांची होती आणि समोरचं काही दिसत नव्हतं. भटू मागून ओरडत होता की डावीकडे घ्या, पण तो कुणाच्या डावीकडे म्हणतोय ते कळेना. शेवटी एका बाभळीनं गाडी थांबवली. कापडवाल्यांची समजूत काढायला अर्धा दिवस गेला. जीप नको असं ठरलं. (मालतीला मी सांगितलं की ती पेट्रोल फार पिते.)

मग छकडा पाहिला. काठियावाडाकडचा एक माणूस तो विकत होता. पुढे मोटारसायकलचं तोंड, मागे दोन चाकांवर फळकूट, आणि कसल्याही ढेकळांतून जातो. मला आवडला. पण चालवणारा पुढे एकटा घोड्यावर बसल्यासारखा, आणि बाकी सगळे मागं. मी त्या माणसाला विचारलं की बायकोला पुढे शेजारी बसवायची सोय होईल का. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बेन तो पाछळ ज बेसे ने." बाई मागंच बसणार, यात विचारायचं काय, असा त्याचा चेहरा होता. मी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला. त्यानं मला चहा पाजला आणि किंमत कमी केली. माझी अडचण त्याला शेवटपर्यंत कळली नाही.

त्यानंतर बारडोलीला एका ऊसवाल्याचा लहान ट्रॅक्टर पाहायला गेलो. या वेळी मालतीलाही नेलं. तिला बसायला चाकावरचा पत्रा होता. ती चढून बसली, उसाच्या मधल्या पाटानं मी ट्रॅक्टर नेला, आणि खरं सांगायचं तर तो छान चालला. चिखल, पाट, बांध, कशाला अडला नाही. मालती वर बसून दूरवर पाहत होती, साखर कारखान्याचं धुराडं दिसतंय म्हणत होती, खुशीत होती. पण तिची मांडी माझ्या कानाशी येत होती. मी काही बोलायचं तर मान वर करून, आणि ती उत्तर देणार वरून. शेताच्या मालकानं दुरून हाक मारून विचारलं ते तिला, की ताई, कसा वाटतो. मी ट्रॅक्टरही नको म्हटला. मालती म्हणाली, "का पण?" मी म्हटलं, शेजारी म्हणजे शेजारी, वर नाही.

शेवटी गोपाळ मिस्त्री सापडले. उधन्यातच त्यांचं गॅरेज आहे. ते म्हणाले, मास्तर, विकत कशाला घेता, मी बनवून देतो. त्यांनी पडक्या रिक्षाचं इंजिन घेतलं, कुठली कुठली चार चाकं जमवली, पाइप जोडून सांगाडा केला आणि त्याला भगवा रंग दिला. जागांचा प्रश्न आला तेव्हा मी स्वतः जाऊन एका बंद पडलेल्या टॉकीजच्या खुर्च्या आणल्या. दोन खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, मधे हात ठेवायला एकच दांडी, लाल रेग्झिन. यापेक्षा शेजारी शेजारी आणखी काय असतं? स्टिअरिंग मी उजवीकडे बसवून घेतलं, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. एकच गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. टॉकीजच्या खुर्चीवरून माणूस उठला की तिची बैठक आपोआप वर मिटते. गाडी खड्ड्यात गेली की माणूस क्षणभर उठतोच. बैठक तेवढ्यात मिटते, आणि माणूस परत येतो तेव्हा खाली खुर्ची नसते. हे मालतीला गॅरेजपासून पहिल्या वळणावर कळलं.

तरीही मागच्या रविवारी आम्ही गाडी टेम्पोत चढवून डुमसला नेली, आम्ही दोघं स्कूटरवरून मागोमाग. हिलालरावांना मी मुद्दाम निरोप पाठवला होता. सहज फेरी मारू, असं कळवलं होतं. ते बेडकी घेऊन आले, शोभाबाई शेजारी. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साडूभाऊ, रंग छान आहे." फक्त रंग. मग मी इंजिन सुरू केलं आणि आधी मी निघालो. बांधावर गाडी पळाली, आबा. खरोखर पळाली. मालतीनं दांडी घट्ट धरली होती आणि मला काहीतरी सांगत होती, आणि मला ऐकू येत होतं. ती म्हणत होती, पुढे चिखल आहे. मला वाटलं, बेडकी मागं आहे, आता थांबलो तर काय राहिलं. मी खाडीच्या कोरड्या दिसणाऱ्या पट्ट्यात गाडी घातली. वरून तो पापडासारखा वाळलेला होता. खाली खीर होती.

चाकं निम्मी आत गेली. मालती उतरली, साडी वर धरून काठावर गेली. हिलालराव दोर घेऊन आले. मी जागेवर बसून राहिलो, कारण स्टिअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं. त्यांनी दोराचं एक टोक बेडकीला बांधलं आणि दुसरं माझ्या गाडीच्या, हाताला लागला त्या पाइपाला. तो पाइप खुर्च्यांचा होता. बेडकीनं उडी मारली. कडाड असा आवाज झाला. गाडी होती तिथेच राहिली आणि मी दोन्ही खुर्च्यांसकट चिखलावरून घसरत निघालो, थेट कोरड्या उंचवट्यापर्यंत. बसल्या बसल्या गेलो. खांदा दुखावला तो तिथे पोचल्यावर, थांबताना. काठावरून शोभाबाईंनी विचारलं की लागलं का, आणि मालतीनं तोंड पदरात धरलं होतं. काळजीनं धरलं असावं.

हिलालराव दुसऱ्यांदा ओढायला बेडकी मागं घेऊ लागले तेव्हा तिच्या पोटातला पट्टा तुटला. हा पट्टा इथे मिळत नाही, तो साहेबांच्या देशात मिळतो. तेवढ्यात भरतीचं पाणी चढायला लागलं. आता पाणी उतरल्याशिवाय काही करता येणार नव्हतं. बायका म्हणाल्या, तुम्ही बसा, आम्ही टमाट्याची भजी खाऊन येतो, आणि खरोखर गेल्या. उरलो आम्ही दोघं साडू. बसायला त्या उंचवट्यावर एकच जागा होती, टॉकीजच्या खुर्च्या. आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि आपापल्या गाडीभोवती पाणी चढताना पाहत राहिलो.

पाणी चाकांच्या वर आलं. मग हिलालराव म्हणाले, "साडूभाऊ, तुमचं बरं आहे." मला वाटलं, थट्टा करताहेत. मी खांदा चोळला. ते म्हणाले, "प्लेगच्या साली आठवतं का? सुरत रिकामी होत होती. मी शोभाला घेऊन मिळेल त्या गाडीला लटकून धामणदरला पोचलो. अंगावरच्या कपड्यांनिशी. वाटलं, आबा जवळ घेतील. तर आबा पारावर तुमचं पत्र वाचत बसलेले. बळीराम तिथेच राहिलाय, खातं बंद आहे, गल्लीत चुना मारलाय, असं सगळं. पंधरा माणसं ऐकायला. मी समोर उभा. आबा मला म्हणाले, थांब, एवढं पान होऊ दे."

ते पुढे म्हणाले, "डोंगरावर नेलं ना मी त्यांना? अर्ध्या वाटेत मला विचारतात, बळीरामचं पत्र का आलं नाही रे. मी म्हटलं, आबा, तो मागून नारळ घेऊन चढतोय. तर म्हणाले, ते ठीक आहे, पण पत्र का नाही." हिलालरावांनी चिखलात एक खडा टाकला. "मला चार ओळी लिहिता येत नाहीत. म्हणून ही गाडी घेतली."

आबा, खोटं कशाला लिहू, त्या चिखलात बसून मला इतकं बरं वाटलं की खांदा दुखायचा थांबला. माझ्याकडे हेवा करण्यासारखं काही आहे हे मला या वयात कळलं, आणि ते हिलालरावांच्या तोंडून कळलं. मी त्यांना म्हटलं, पत्रात काय विशेष असतं, कुणीही लिहील. (हे मी नम्रपणानं म्हटलं. तसं नाहीये.) मग ते म्हणाले, तुमची गाडी बांधावर खरोखर पळाली हो. आम्ही एकमेकांना बिडी दिली. पाणी उतरल्यावर जवळच्या गावातली बैलजोडी आणून दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. बैलांना काही विशेष वाटलं नाही.

खांद्यामुळे मला स्कूटर चालवता येईना, म्हणून ती तिथेच एकाकडे ठेवून आम्ही सिटी बसनं परतलो. मालती खिडकीशी आणि मी शेजारी. मी तिला विचारलं, दिवाळीनंतरच्या त्या रविवारी बेडकीत हिलालरावांशी बोलताना तू एवढी कशाला हसत होतीस? ती म्हणाली, "मी त्यांना तुमच्याबद्दलच सांगत होते. तुम्ही झोपेत मागांना रागावता, नावं घेऊन, ते." कुणी आपल्यावर हसलं याचा आनंद मानावा की नाही हे मला ठरवता आलं नाही. पण बेडकीतल्या गप्पांत मी होतो, हे कळून बरं वाटलं. मग ती उधना येईपर्यंत बोलत होती आणि मी एकदाही हूं म्हटलं नाही. नीट उत्तरं दिली.

आता ठरलंय ते असं. बेडकीला पट्टा मिळत नाही आणि बैलांनी ओढल्यावर माझ्या गाडीला सांगाडा उरलेला नाही. गोपाळ मिस्त्री म्हणाले, दोन्हींची मिळून एक करतो: अंग बेडकीचं, इंजिन माझ्या रिक्षाचं. गाडी दोघांच्या मालकीची, रंग अर्धा अर्धा. यंदा आखाजीला आम्ही दोघं साडू तीच घेऊन येणार आहोत. फाट्यापासून नाल्यापर्यंत हिलालराव चालवतील आणि नाल्यापासून आपल्या दारापर्यंत मी. चिठ्ठ्या टाकून ठरलंय, त्यात मी काही केलं नाही. एक चालवणार तेव्हा दुसऱ्यानं शेजारी बसायचं, म्हणजे गाडी नीट चालवतोय की नाही यावर लक्ष राहतं. मालतीनं विचारलं, मग आम्ही कुठे बसायचं? आम्ही दोघांनी एकदमच हौद्याकडे पाहिलं. तिथून पुढे तो विषय निघालेला नाही.

आईंना नमस्कार, पारावरच्या मंडळींना रामराम. हिलालरावांबद्दल माझ्या मनात आता काही नाही, आणि या वेळी हे खरं आहे.

आपला,
बळीराम

ता. क. – आज सोमवारी पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात आपलं कार्ड आलं. धामणदरला रस्ता मंजूर झाला आणि आखाजीच्या आत डांबर पडणार, वाचून अतिशय आनंद झाला. आपण एवढी वर्षं खेटे घातले त्याचं चीज झालं. फक्त आपण लिहिलंय की निम्माच रस्ता यंदा होणार आणि काम गावाकडून सुरू होऊन नाल्यापर्यंत येणार. आबा, नाल्यापासून गावापर्यंतचा तुकडा माझा आहे. डांबरावर गाडी कुणीही चालवतो. तेव्हा आपल्या शब्दाला मान आहे तर काम फाट्याकडून सुरू करायला सांगावं, म्हणजे हिलालरावांचा तुकडा डांबरी होईल आणि माझा कच्चा राहील. खड्डे शक्यतो आहेत तसेच असू द्यावेत.

ता. क. २ – मालतीनं वरचं वाचलं. ती आणि शोभाबाई सणाच्या आधीच एसटीनं येणार आहेत, दोघींचं ठरलंय. आम्हाला कळवलं, विचारलं नाही. चालायला लागू नये म्हणून फाट्यावर बैलगाडी पाठवावी असं ती म्हणते.

ता. क. ३ – आत्ताच भटू सांगून गेला की हिलालरावांनीही आपल्याला पत्र लिहिलंय. स्वतः लिहिलेलं नाही, त्यांनी सांगितलं आणि भटूनं उतरवलं. चांगलं चार पानी झालंय आणि चिखलातला प्रसंग वाचून खात्यातली माणसं हसून लोटपोट झाली, असं तो म्हणतो. असेल. भटूचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, त्यावरून आपण मत करून घेऊ नये. हे मी आताच स्टेशनवरच्या पेटीत टाकायला निघालोय. तरी दोन्ही पत्रं एकाच टपालानं आली, तर पारावर माझं आधी वाचावं, एवढंच मागणं आहे. रस्त्याचं राहू द्या.